चारशे सतरा नंबरचा दिवा

"पुसलंस का?"

"पुसलं, सर. अकरा दिवसांत अकरा वेळा पुसलं. रोज सकाळी परत येते ती नोंद."

"तसं नव्हे. कुणाला पुसलंस का?"

हेरंब खांबेटेने मांडीवरचा लॅपटॉप घट्ट धरला. जीप कोळशाच्या काळ्या रस्त्यावरून उडत चालली होती. दोन्ही बाजूंच्या पळसांच्या पानांवर बोटभर काळी धूळ साचलेली.

तो म्हणाला, "कुणाला पुसायचं, सर? डेटा समोर दिसतोय."

निखाडे सर बाहेर बघत राहिले.

ज्या कंपनीत हे दोघे काम करत, तिचं सॉफ्टवेअर खाणींमध्ये माणसं मोजायचं. माणूस खाली उतरला की एक नोंद, वर आला की दुसरी. दोन्ही जुळल्या की पाळी सुटली. काही बिघडलं तर खाणवाले पुण्याला फोन करत आणि तिथून कोणीतरी त्यांचा डेटा उघडून काय झालंय ते बघे. चोवीस वर्षं हे काम यादव निखाडे करत होते. आता त्यांना निवृत्त व्हायला एक महिना उरला होता, आणि त्यांची खुर्ची हेरंबला मिळणार हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

मिळणारच. हेरंबने 'झरोका' बनवला होता.

झरोका म्हणजे त्याने स्वतः लिहिलेलं साधन. पुण्यात खुर्चीवर बसल्या बसल्या चाळीस ठिकाणचा डेटा त्यात दिसे. कुठली नोंद अडकली, कुठली दोनदा पडली, ते लाल होऊन समोर येई. त्यावर बोट ठेवलं की नोंद साफ. ज्या कामाला निखाडे सर दोन दिवसांचा प्रवास करून जात, ते हेरंब चहा निवायच्या आत उरकी.

निखाडे सरांकडेही एक साधन होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. त्यात फक्त दिसायचं, बदलता काही येत नसे. एकदा हेरंबने हसून विचारलं होतं, "सर, ह्यात दुरुस्ती कशी करायची?"

"करायची नाही."

"मग उपयोग काय?"

सरांनी तेव्हा नुसता पडदा त्याच्याकडे वळवला होता.

आता चंद्रपूरकडच्या ह्या खाणीतली एकच नोंद झरोक्याला दाद देत नव्हती. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती उगवे. दिवा नंबर चारशे सतरा, जुना सातवा पट्टा, आत. पट्टा म्हणजे खाणीतला कोळसा काढायचा एक भाग. आत गेल्याची नोंद असे, बाहेर आल्याची कधीच नसे. हेरंब ती पुसे. दुसऱ्या दिवशी सहा दहाला ती पुन्हा हजर.

आणि आज दुपारी तीन वाजता तो जुना सातवा पट्टा कायमचा बंद करायचा होता. भिंत घालून.

"माझ्याबरोबर चल," एवढंच म्हणून सरांनी त्याला आणलं होतं.

*

खाणीच्या तोंडाशी दिव्यांची खोली होती. लोक तिला लॅम्प रूम म्हणत. आत लोखंडी रॅकवर ओळीने टोपीचे दिवे चार्जिंगला लावलेले, प्रत्येकाखाली नंबर. समोरच्या भिंतीवर एक लांब लाकडी फळी, तिच्यावर शेकडो खिळे आणि खिळ्यांना पितळेचे बिल्ले. खाली जाणाऱ्याने आपला बिल्ला उचलून खिशात टाकायचा, दिवा टोपीला लावायचा आणि निघायचं. सॉफ्टवेअर यायच्या आधीपासूनची पद्धत. सॉफ्टवेअर आल्यावरही ती कोणी बंद केली नव्हती.

खोलीची प्रमुख होती शेवंताबाई मडावी. पन्नाशीची, काटक, निळ्या साडीवर खाकी शर्ट घातलेली.

"चारशे सतरा कुठला दिवा, बाई?" हेरंबने विचारलं.

तिने बोट दाखवलं. दिवा रॅकवरच होता, जागच्या जागी.

"सकाळी कोणी घेतला होता?"

"नाई. मी देतच नाई तो."

"मग नोंद कशी पडते?"

"तुमालाच माहीत. मशीन तुमचं हाय."

हेरंबने दिवा काढून पाहिला. चार्जिंगचा आकडा शून्य. शेजारचा चारशे सोळा पूर्ण भरलेला.

"बॅटरी गेलीय ह्याची."

"पहाटे भरते तो," शेवंताबाई म्हणाली. "म्या सोता पाह्यते रोज. पाळी खाली उतरली का रिकामा होते."

"न वापरता?"

शेवंताबाईने रजिस्टर पुढे ओढलं आणि ती काहीतरी लिहू लागली.

हेरंबला जरा हसू आलं. सदोष बॅटरी, सदोष चिप. दिव्यातल्या चिपमधून चुकीचा सिग्नल जातोय, नोंद पडतेय. उकललं कोडं. त्याने सरांकडे बघितलं. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते आणि फळीवरचे खिळे बघत होते.

"हा नंबर कोणाचा होता?" सरांनी विचारलं.

शेवंताबाईचा हात थांबला.

"माह्या मालकाचा."

...

"एकोणीस वर्स झाले," ती म्हणाली. "सातव्या पट्ट्यात पाणी घुसलं. समद्यायले वर बोलावलं. मुन्शीनं रजिस्टर जुळवलं, समदे वर आले म्हून लिवलं, पाळी मोकळी केली. रजिस्टरात समदे वर आले होते, साहेब. घरी एकच नाई आला."

"आणि बिल्ला?"

"बिल्ला खिळ्यावर नव्हता. ते म्हणले, हरवला असन." तिने पेनाला टोपण लावलं. "शोधाले कोणी गेलंच नाई. कागद बरोबर होता ना."

हेरंबने दिवा हळूच जागेवर ठेवला. ठेवताना बोटांना काहीतरी जाणवलं म्हणून त्याने काचेला पुन्हा हात लावून पाहिला. काच कोमट होती.

*

खाणीचे मॅनेजर चिंचोळकर साहेब अकराच्या सुमारास आले. घाईत होते.

"निखाडे साहेब, तेवढी एक ओळ काढून टाका. आतली माणसं शून्य होऊन बोर्ड हिरवा झाल्याशिवाय मला भिंत बंद करायचा हुकूम देता येत नाही. आतला वायू वाढतोय. आज बंद झालंच पाहिजे."

"काढू की," सर म्हणाले. "आत कोणी नाही, हे कोणी पाहिलंय?"

"गेल्या आठवड्यात तपासणी झालीय."

"आज?"

"आज सॉफ्टवेअर आहे ना."

"सॉफ्टवेअर तर आत एक माणूस आहे म्हणतं."

"अहो, ती चूक आहे!"

"आणि बाकी चारशे माणसांचा हिशेब बरोबर आहे?"

चिंचोळकरांनी कपाळाचा घाम पुसला. त्यांनी हेरंबकडे बघितलं. तरुण माणसाला काम समजतं, अशा नजरेने.

सर हात धुवायला बाहेर गेले तेव्हा चिंचोळकर हेरंबजवळ आले. "तुमचं ते नवीन साधन... त्याने होतं ना हे?"

"होतं, साहेब. पण सरांनी हात लावू नको म्हणून सांगितलंय."

"मग हात लावू नका. आपोआप होईल असं काही?"

हेरंबने क्षणभर विचार केला. पहिली पाळी दोनला सुटते. त्यानंतर सातव्या पट्ट्यात कोणी असायचं कारणच नाही. म्हणजे अडीचनंतर तिथे जी नोंद दिसेल ती खोटीच. त्याने झरोका उघडला आणि एका ओळीचा नियम लावला. अडीच वाजता सातव्या पट्ट्यात जे जे दिसेल ते साफ करायचं.

एका मिनिटाचं काम. त्यात कोणाचा हातही लागणार नव्हता.

लॅपटॉप मिटताना त्याला बरं वाटलं. सरांचा शब्द मोडला असं म्हणता येणार नव्हतं.

*

एक वाजता सर उठले. रॅकपाशी गेले. चारशे सतरा नंबरचा दिवा तासाभरापूर्वी त्यांनी शेवंताबाईला वेगळ्या तारेवर चार्जिंगला लावायला सांगितला होता. तो आता भरला होता. सरांनी तो काढला, एका हेल्मेटला लावला आणि हेल्मेट हेरंबच्या डोक्यावर ठेवलं.

"हे काय, सर?"

"आता चारशे सतरा खाली चाललाय. खराखुरा."

"सर, मी..."

"नोंद खोटी आहे म्हणतोस ना? खरी कर. मग बघू पुसायची का."

शेवंताबाई फळीपाशी गेली. चारशे सतराचा खिळा रिकामाच होता, एकोणीस वर्षं. त्याच्या शेजारी पाहुण्यांसाठी ठेवलेले नुसते बिल्ले होते. त्यातला एक काढून तिने हेरंबच्या तळहातावर ठेवला. बिल्ला थंड होता.

"गोमाजी संग जाईन," ती म्हणाली.

गोमाजी कोवे सरदार होता. खाणीत पट्ट्याची तपासणी करून 'माणसांनी जायला हरकत नाही' असं सांगणाऱ्याला सरदार म्हणतात. चाळीस वर्षं खाली काढलेला माणूस. दिवा नंबर अठ्ठ्याऐंशी. त्याने आपला बिल्ला उचलला, हेरंबच्या कमरपट्ट्याला सुटकेचा डबा, म्हणजे वायू कोंडला तर श्वास घ्यायचं साधन, अडकवला आणि बाहेर पडला.

दारात हेरंब थबकला. अडीचचा नियम. सांगावं का? सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. चिंचोळकरांनी काय म्हटलं, आपण काय केलं.

'दोनपर्यंत परत येऊ,' त्याने मनाशी म्हटलं.

तो गोमाजीच्या मागून निघाला.

*

खाली जायचा रस्ता म्हणजे एक लांबच लांब उतार होता. पहिली दहा मिनिटं मागे वळलं की तोंडाशी उजेडाचा ठिपका दिसे. मग तोही गेला.

हेरंबला वाटलं होतं खाण म्हणजे आवाज असणार. इथे आवाज नव्हता. आपलाच श्वास, आपलेच बूट आणि कुठेतरी टपकणारं पाणी.

"किती लांब आहे?"

"चालत राहा."

सातव्या पट्ट्याच्या तोंडाशी ते पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. हेरंबचा अंदाज तिथेच चुकला होता. विटांची भिंत जवळजवळ पूर्ण झाली होती. मध्ये माणूस वाकून जाईल एवढी खिडकी ठेवलेली. दोन गवंडी हात झटकत होते, त्यांची पाळी सुटायला आली होती.

"आत चाललो रे," गोमाजी म्हणाला.

"दुसरी पाळी येतच हाय," एक गवंडी म्हणाला. "सांगतो त्यायले."

ते वाकून आत गेले. भिंतीच्या आतल्या बाजूला छताला आपल्या कंपनीचं यंत्र लटकलेलं हेरंबला दिसलं. माणूस खालून गेला की दिव्याची चिप वाचणारं. त्याचा हिरवा ठिपका दोनदा लुकलुकला. अठ्ठ्याऐंशी. चारशे सतरा.

आपण आता एक नोंद झालो, असं उगाच त्याच्या मनात आलं.

यंत्रात काही बिघाड नव्हता. त्याने तारा पाहिल्या, डबी उघडून पाहिली. सगळं ठीक.

"चला, पाहिलं," तो म्हणाला.

"काय पाह्यलं?" गोमाजीने विचारलं. "पट्टा तं अजून पुढं हाय."

तो चालू लागला. हेरंबला मागे एकट्याने थांबवेना.

दोन्ही बाजूंना कोळशाच्या काळ्या भिंती. छताला जुने लाकडी टेकू, काही वाकलेले, काहींवर पांढरी बुरशी कापसासारखी फुगलेली. हवा जड होत चालली होती. गोमाजी मधूनमधून हातातलं वायू मोजायचं यंत्र वर धरी, आकडा बघे आणि पुढे जाई. प्रत्येक आडव्या फाट्यापाशी तो उभा राही, दिवा आत फिरवी, कान देई. मग म्हणे, "नाई." आणि पुढे.

चार फाटे झाले. पाच झाले.

शेवटी रस्ता पाण्यात उतरला. काळं, स्थिर पाणी. पलीकडचं टोक दिसत नव्हतं. पुढे छतच पाण्याला टेकलं होतं.

"इथंच घुसलं होतं," गोमाजी म्हणाला.

दोघे काठाशी उभे राहिले. पाण्यात दोन दिवे चमकत होते.

हेरंबला धीर आला. "आपलेच."

"हूं."

पण त्या दोन ठिपक्यांपैकी एक जरा लांब होता. त्याच्या मानाने फारच लांब. प्रतिबिंबाचा काही नियम असेल, त्याने स्वतःला समजावलं. इंजिनिअर माणूस. शंका आली तर तपासून बघावं. त्याने हात वर नेला आणि आपला दिवा बंद केला.

पाण्यात दोन दिवे होते.

...

"गोमाजी..."

गोमाजीने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं आणि दिवा सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवला. पाण्यातला एक दिवा त्याच्याबरोबर हलला.

दुसरा हलला नाही.

"काय करताय?" हेरंब एक पाऊल मागे सरला.

"पाळी सुटली म्हून सांगून राह्यलो."

"कोणाला?"

गोमाजीने हेल्मेट पुन्हा डोक्यावर ठेवलं. पाण्याकडे तोंड करून तो एरवी माणसांशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाला, "चाल बापू. सुटली पाळी. घरी चाल."

आवाज पाण्यावरून गेला आणि परत आला नाही. खाणीत आवाज परत येतो, हे हेरंबला आतापर्यंत कळलं होतं.

त्याने दिवा लावायला घेतला. बटण सापडेना. शेवटी लागला तेव्हा उजेड मनगटावर पडला.

घड्याळात दोन छत्तीस झाले होते.

*

हेरंब एकदम ओरडला. "गोमाजी, पळा! ते भिंत बंद करतील!"

"काहून? आपण हाव ना आत."

"नाही आहोत! बोर्डावर नाही आहोत आपण! मी पुसलंय!"

गोमाजीने त्याच्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. ते हेरंबला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. मग म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला आणि दोघे पळत सुटले.

पळता पळता हेरंबला सगळं दिसत होतं. वर बोर्ड हिरवा झाला. चिंचोळकरांनी फोन उचलला. दुसऱ्या पाळीचे गवंडी, ज्यांनी आपल्याला पाहिलेलंच नाही आणि ज्यांना निरोप पोचलाच नसेल, त्यांना सांगितलं, आत शून्य माणसं. त्यांनी थापी उचलली. कोणाचीच चूक नाही. सगळं तपासून केलेलं. उद्या कोणी विचारलं तर डेटात आपण नसणार. कागद बरोबर असणार.

एक फाटा. दुसरा. तो अडखळला, गुडघा फुटला, उठला. मागे बुटांचा आवाज येत होता. गोमाजीचाच असणार. पण गोमाजीने तर त्याचा दंड धरलेला होता आणि तो त्याच्या बाजूलाच धापा टाकत होता.

त्याने मान वळवली नाही. वळवता आलीच नाही.

भिंत दिसली. खिडकी जेमतेम वीतभर उरली होती आणि पलीकडून आलेला एक हात तिच्यात वीट धरून थांबला होता.

हात थांबलेला होता. हालत नव्हता.

"आत हाव रे!" गोमाजी ओरडला.

वीट पलीकडे पडली. मग विटा भराभर निघू लागल्या. ओला चुना हेरंबच्या तोंडावर उडाला. कोणीतरी त्याला काखेत धरून बाहेर ओढलं, त्याच्यामागून गोमाजीला.

गवंडी पांढराफटक पडला होता. "साहेबाचा फोन आला होता, बंद करा म्हून. शेवटची वीट उचलली तं लगोलग दुसरा आला. लॅम्प रूममधून. बाई म्हणे, माह्या फळीवर सातव्यात गेलेल्या दोघायचे खिळे रिकामे हायेत, वीट लावसान तं हात तोडीन."

गोमाजी भिंतीला पाठ लावून खाली बसला. हेरंबला बसवेना. त्याला फक्त उजेडात जायचं होतं.

*

वर आल्यावर त्याने दिवा रॅकवर लावला. बिल्ला शेवंताबाईच्या हातावर ठेवला. तिने तो साडीच्या पदराने पुसून फळीवर अडकवला.

"बाई..." तो म्हणाला.

"पाणी प्या आधी."

चिंचोळकर दारात उभे होते. तोंड सुकलेलं. "बोर्ड हिरवा होता," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. "मी बोर्ड बघूनच सांगितलं. बोर्ड हिरवा होता."

निखाडे सर त्याच स्टुलावर होते. मांडीवर काळ्या पडद्याचा लॅपटॉप. त्यांच्या चेहऱ्यावर काही कळत नव्हतं, पण पडद्याच्या कडेवर टेकलेली बोटं पांढरी पडली होती.

"अडीचला दोन ओळी गेल्या," ते म्हणाले. "माझ्या समोरून. मी चिंचोळकरांना पुन्हापुन्हा फोन लावत राहिलो, लाईन व्यस्त. शेवटी बाईंनी थेट खाली भिंतीपाशी लावला."

"सर, तो नियम मी लावला होता."

"काय नियम?"

"अडीचनंतर सातव्या पट्ट्यात जो दिसेल तो पुसायचा."

"आणि तू दिसलास."

"हो."

सरांनी त्याच्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघितलं. मग त्यांनी शेवंताबाईकडे कापूस मागितला. खाली वाकून स्वतः ती जखम साफ केली. कोळशाचा कण न् कण काढला. हेरंबचे डोळे भरून आले. ते झोंबल्यामुळे की कशामुळे, त्याला सांगता आलं नसतं.

पट्टी बांधून झाल्यावर हेरंबने आपला लॅपटॉप उघडला. अडीचचा नियम काढून टाकला. मग झरोक्यातलं पुसायचं जे काही होतं ते एकेक करून काढलं. आता त्यात नुसतं दिसत होतं.

आत गेलेल्यांची यादी रिकामी होती. ती त्यानेच रिकामी केली होती.

त्याने बाहेर आलेल्यांची यादी उघडली.

बघितली. पुन्हा बघितली.

"सर..."

"हं."

"बाहेर आल्याच्या तीन नोंदी आहेत."

शेवंताबाई रॅकपाशी उभी होती. तिने चारशे सतरा नंबरचा दिवा हातात घेतला होता. तिची पाठ इकडे होती.

"अठ्ठ्याऐंशी नंबर," हेरंब वाचू लागला. "दोन एकावन्न. तो गोमाजी. चारशे सतरा, दोन एकावन्न. तो मी." तो थांबला. "चारशे सतरा. दोन बावन्न."

...

"दोनदा वाचलं असेल, सर. यंत्र कधीकधी एकच दिवा दोनदा वाचतं. डुप्लिकेट असेल." त्याचं बोट सवयीने त्या ओळीकडे गेलं. पण पुसायचं बटण आता तिथे नव्हतं. "असंच असणार ना, सर? आम्ही दोघंच होतो."

सरांनी आपला लॅपटॉप मिटला. पिशवीत ठेवला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने सावकाश पुसला आणि हेरंबकडे बघितलं.

"बाहेर पडताना मागं वळून पाहिलं होतंस?"